‘सेट’चे एकशे सव्वीस अर्थ

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

बुद्धविहाराच्या समितीने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला, म्हणून ही वही काढावी लागली. तक्रार अशी की, अभ्यासिकेतल्या माझ्या इंग्रजीच्या वर्गात सहा आठवड्यांत एकच शब्द शिकवून झाला. तक्रार धम्मानंदची. तो समितीचा सचिव. मला म्हणाला, "ताई, लोक इचारून राहिले, मी काय सांगू त्याहिले?"

शब्द एकच झाला हे साफ खोटं आहे. तोही अजून व्हायचा आहे.

शब्द ‘सेट’. माझ्या डिक्शनरीत त्याचे एकशे सव्वीस अर्थ आहेत. मी स्वतः मोजले. माझी पद्धत अशी: हजार शब्द अर्धवट येण्यापेक्षा एक पूर्ण यावा. बी.ए., इंग्रजी साहित्य, सेकंड क्लास, १९८१, त्या वर्षी वस्तीतून एकटी. नंतर टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं. मला पद्धत शिकवायला धम्मानंदला अजून वेळ आहे.

थोडी पार्श्वभूमी. एप्रिलमध्ये कोणीतरी अभ्यासिकेतला कूलर रात्रभर चालू ठेवला, मोटर जळाली. समितीने खोलीला कुलूप लावलं. ठराव केला की, जबाबदार मोठं माणूस रोज वर्ग घेत असेल तरच उघडायची. सप्टेंबरात बारा मुलं माझ्या दारात. "मॅडम, आमाले इंग्लिश शिकवा नं." वस्तीत तीन कोचिंग क्लास आहेत, तरी माझ्याकडे आली. यातच सगळं आलं. तेव्हापासून किल्ली माझ्याकडे. संध्याकाळी सहाला उघडते, सातला वर्ग संपवून घरी येते. मुलं नऊपर्यंत वाचत बसतात, मग भूमिका किल्ली घरी आणून देते.

ही भूमिका सव्वीस वर्षांची. वडील कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या उचलतात. दोन खोल्यांत सात माणसं आणि एक टीव्ही. बँकेच्या क्लार्कची पूर्वपरीक्षा २१ डिसेंबरला. मागच्या वेळी इंग्रजीत दोन मार्कांनी राहिली. यंदा नाही झालं तर कन्हानला काकाच्या मोबाइल कव्हरच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं आहे. तिला मी पास करणारच.

आजवर एकतीस अर्थ झाले. उरले पंच्याण्णव. रोज पाच, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे २८ नोव्हेंबरला ‘सेट’ समाप्त. पुढचे तीन आठवडे उरलेल्या इंग्रजीला पुरेत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हजर सत्तावीस. धम्मानंदने येऊन मोजावेत.

सोनिकाने विचारलं, "मॅडम, दही सेट होते, थे कितव्या नंबरवर हाय?" ही मुलगी पोलीस भरतीची तयारी करते आणि तोंड कधी बंद ठेवत नाही. दही डिक्शनरीत नाही, जेली आहे, असं सांगितलं. जेली म्हणजे काय, कोणालाच माहीत नव्हतं. सोनिका म्हणाली, "वॅसलिनसारखी असन." अर्धा तास जेलीत गेला.

आजचे अर्थ: एक. उद्या नऊ घेऊन भरपाई.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काल भरपाई झाली नाही, कारण मी जेली करून दाखवायचं ठरवलं होतं आणि पाकीट शोधायला बर्डीच्या बाजारापर्यंत जावं लागलं. आज सकाळी केली. प्रीती, माझी सून, म्हणाली, "आई, फ्रिजमध्ये ठेवा, डब्यात नेऊ नका." मी म्हटलं, पाकिटावरच्या सूचना मी वाचल्या आहेत. वाचल्या होत्याच. पाळल्या नव्हत्या.

विहारापर्यंत स्टीलच्या डब्यात लाल शरबत झालं. मुलांनी झाकणात ओतून प्यायलं. सोनिका: "सेट नाई झालं मॅडम, पन मस्त लागून राहिलं."

आजचे अर्थ: शून्य. पण जे घडलं नाही, तेही मुलांच्या कायम लक्षात राहील.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

समितीचा खुलासा लिहायला घेतला. पहिलं वाक्य चांगलं झालं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज शिस्तीचा प्रश्न. फळ्यावर ‘तुटलेलं हाड बसवणे’ हा अर्थ लिहीत होते. मागून एकेक सुरू झालं. सोन्याचा सेट. डीजेचा सेट. भावाची नोकरी लागली, सेट झाला. एकाने ‘सेटिंग लावणे’ सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. कशाचं सेटिंग, विचारलं. सोनिका म्हणाली, "मॅडम, थे कागदावर लिव्हत नाईत, त्यालेच सेटिंग म्हंते."

सक्त ताकीद दिली: या वर्गात डिक्शनरीतलेच अर्थ चालतील. मग डिक्शनरीत पुढे काय आहे ते पाहिलं. बॅजर नावाच्या विलायती प्राण्याचं बीळ. तेही ‘सेट’. फळ्यावर बॅजर काढला. घूस झाली. शेपूट लहान केली तर मुंगूस. भूमिकाने वहीत घूसच उतरवून घेतली आणि खाली नीट लिहिलं, बॅजर. अशी आज्ञाधारक मुलगी दुसरी नाही.

एकूण सदतीस.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

वर्ग सुटल्यावर भूमिका थांबली. म्हणाली, "मॅडम, जुने पेपर सोडवून पाहाचे काय? टाइम लावून?" तिने घरी एक सोडवला होता. तीस प्रश्न, वीस मिनिटं. बारा आले. मागच्या वर्षी किमान अठराची गरज होती.

मी तिला समजावलं. बारा का आले? पाया कच्चा. पाया का कच्चा? ‘सेट’ अपूर्ण. ती म्हणाली, "हाव मॅडम." मग, "पन पेपरमंधी बॅजर नाई येत." मी म्हटलं, आला तर? तिने वहीतलं घुशीचं पान काढलं.

प्रीतीला हे सांगितलं. ती कणीक मळत होती, म्हणाली, "आई, त्या पोरीचा चान्स आहे हो तो." मला माहीत आहे. म्हणून तर इतकी मेहनत.

एकूण चव्वेचाळीस.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज ‘सेट’ समाप्त व्हायचा होता. झाले एकसष्ट.

कारणं: (१) ‘सेट ऑफ’, ‘सेट आउट’, ‘सेट अप’, ‘सेट इन’ यांत डिक्शनरीच स्पष्ट नाही. (२) जेवणाचं टेबल ‘सेट’ करणे दाखवायला अभ्यासिकेतलं टेबल घेतलं, त्याचा पाय निघाला. (३) मुलं प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे त्यांना कळलं की नाही हे मीच विचारत बसते.

नवा आराखडा: रोज अकरा. ८ डिसेंबरला समाप्त. बाकी इंग्रजीला तेरा दिवस. एकाग्रता असेल तर तेरा दिवस खूप.

खुलासा: अकरा पानं झाली, अजून एप्रिलपर्यंतच आले आहे.

सोमवार, १ डिसेंबर

एकूण सहासष्ट. घसा बसला. थंडी वाढली आहे आणि अभ्यासिकेची खिडकी लागत नाही. धम्मानंदला सांगायला हवं. तो मला खुलाशाबद्दल विचारेल, म्हणून सांगितलं नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

ताप. प्रीतीबरोबर किल्ली पाठवली आणि निरोप: आज वर्ग नाही, घरी जा.

प्रीती परत आली. म्हणाली, कोणी घरी गेलं नाही. उलट चौतीस जण होते. माझ्या वर्गात कधी एकोणतीसच्या वर गेले नाहीत. माझ्या तब्येतीची बातमी पसरली असणार, चौकशीला जमले असतील. मुलांना असा लळा लागतो, हे धम्मानंदच्या समितीला कळायचं नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

आज अडतीस. प्रीतीला विचारलं, माझ्याबद्दल कोणी काही विचारलं का? ती म्हणाली, "किल्ली वेळेवर आणली म्हणून थँक्यू म्हणाले."

लाजतात.

गुरुवार, ४ डिसेंबर

ताप उतरला. शाल गुंडाळून साडेसहाला विहारात गेले. मुलांना धीर द्यावा, इतकाच हेतू. खाली हॉलमध्ये वंदना संपली होती. वर अभ्यासिकेत शांतता. मग भूमिकाचा आवाज: "टाइम सुरू." मी जिन्यात थांबले, कारण धाप लागली होती.

नोंद म्हणून जसं ऐकलं तसं लिहिते. भूमिका प्रश्न वाचत होती, कोणीतरी उत्तर देत होतं, ती चूक सांगून लगेच पुढे जात होती. एका प्रश्नाला अर्धा मिनिट. मला एका जेलीला तीन दिवस लागले. मग सोनिका: "घाई करा बे. मॅडम आल्या का पुन्हा सेट चालू होते." हशा. कोणीतरी म्हणालं, काय करतं, आयकाच लागते. सोनिका: "हाव नं. एक घंटा मॅडमले आयकाचं, मंग दोन घंटे आपले. खोलीचं भाडंच हाय थे."

भूमिका कडाडली, "चूप बस वं. मॅडम नसत्या तं कुलूप कोनं उघडलं असतं? तुह्या बापानं? पुढचा प्रश्न."

वर गेले नाही. खाली आले, सतरंजीवर जरा बसले. सर्दीने कान भरलेले होते, तेव्हा ऐकलेल्याला फारसा आधार नाही.

घरी प्रीती म्हणाली, "आई, डोळे इतके लाल काहून?" सर्दी, म्हटलं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

विश्रांती.

विचार केला. सप्टेंबरात माझ्या दारात आलेली बारा मुलं खरोखर काय म्हणाली होती? "मॅडम, आमाले इंग्लिश शिकवा नं." हे वाक्य स्पष्ट आहे. त्याआधी एक वाक्य होतं, ते मी या वहीत उतरवलं नव्हतं, कारण ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं: "थे खोली तुमच्या नावावर मिळते म्हंते."

मिळाली.

सोमवार, ८ डिसेंबर

आज वर्गात एक नवी पद्धत जाहीर केली: स्वयंअध्ययन. भूमिका पेपर सोडवून घेईल, मी मागे बसून देखरेख करीन. ही कल्पना पूर्णपणे माझी आहे, असं वर्गाला सांगितलं. वर्ग टाळ्या वाजवेल असं वाटलं होतं. वर्गाने लगेच वह्या उघडल्या.

भूमिका माझ्याकडे क्षणभर पाहत राहिली. मग म्हणाली, "हाव मॅडम," आणि घड्याळ लावलं.

देखरेख करताना फक्त चार वेळा बोलले. पाचव्या वेळी सोनिका म्हणाली, "मॅडम, टाइम चालू हाय नं." उद्धटपणा. पण टाइम चालू होता.

मंगळवार, ९ डिसेंबर

नुसतं बसून काय करायचं, म्हणून मीही पेपर सोडवला. तीस प्रश्न, वीस मिनिटं. माझे तेरा. भूमिकाचे बावीस.

कारणं: चष्म्याचा नंबर बदलला आहे. ट्यूबलाइट फडफडते. तिसरा प्रश्न मुळात चुकीचा होता आणि तो का चुकीचा आहे हे सिद्ध करण्यात माझी अकरा मिनिटं गेली.

बुधवार, १० डिसेंबर

बारा. ट्यूबलाइट काल बदलली होती.

सोमवार, १५ डिसेंबर

भूमिका माझ्या बाकाशी येऊन उभी राहिली. हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं: "मॅडम, तुमी पूर्न उतारा वाचून राहिल्या. तसं नाई कराचं. पहिले प्रश्न पाहाचा, मंग उताऱ्यात शोधाचं. अडलं का सोडून द्याचं, पुढं जाचं."

मी म्हटलं, अर्थ न समजता पुढे जायचं? ती म्हणाली, "मंग थांबून काय कराचं, मॅडम? घंटी वाजते."

तिची पद्धत अत्यंत उथळ आहे. आज मला सतरा मिळाले.

रविवार, २१ डिसेंबर

परीक्षा. सकाळी सहाला भूमिकाच्या घरी गेले. जायचं कारण नव्हतं. वडील कळमन्याला निघाले होते. मला पाहून म्हणाले, "जय भीम मॅडम. हे पोरगी रात्री झोपेत बी इंग्लिश बडबडते जी." टोपलीतून दोन संत्री काढून माझ्या हातात दिली. भूमिकाने ओळखपत्र तीनदा पाहिलं. मी चौथ्यांदा पाहिलं. सूचना द्यायच्या म्हणून एक कागद लिहून नेला होता, दोन्ही बाजूंनी. दिला नाही.

संध्याकाळी ती आली. मी विचारलं, सेट आला होता का?

"नाई, मॅडम."

एकही?

"एकबी नाई." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "पन एका उताऱ्यात प्रान्याचं बीळ होतं." मी विचारलं, बॅजरचं? "उंदराचं."

चांगली मुलगी आहे. खोटं बोलता येत नाही तिला.

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

दुपारी बारा. भूमिका पूर्वपरीक्षा पास. इंग्रजीत तीसपैकी साडेतेवीस. सोनिकाने फोन करून इतकं ओरडून सांगितलं की प्रीती स्वयंपाकघरातून धावत आली. मुख्य परीक्षा फेब्रुवारीत. कन्हानच्या काकाला दुकानात दुसरं माणूस ठेवायला सांगितलं आहे.

दुपारी चार. धम्मानंद आला. हातात पेढे. म्हणाला, "ताई, चुकलं आमचं. समितीनं तक्रार वापस घेतली. तुमची थे एक शब्दाची पद्धत लय जोरदार हाय. सोमवारपासून सहा ते आठ, सगळ्या पोराहिले कंपल्सरी. फ्लेक्स बी टाकून राहिलो, मार्गदर्शक म्हणून तुमचा फोटू."

मी म्हटलं, विचार करून सांगते.

सायंकाळी पाच. विचार केला. फोटो निवडला, निवृत्तीच्या दिवशीचा, शालीतला. पुढचा शब्दही निवडला. ‘रन’. डिक्शनरीत ‘सेट’इतकाच मोठा आहे. रोज पाच अर्थ धरले तर मार्चअखेर सहज होईल.

सायंकाळी साडेसात. सहाला अभ्यासिका उघडली. बातमी पोचलेली होती. एकेचाळीस मुलं. सोनिकाने फळा पुसून ठेवला होता आणि माझ्यासाठी टेबलावर खडू. भूमिकाच्या पुढ्यात मुख्य परीक्षेचा पेपर होता, तो तिने घडी घालून वहीखाली सरकवला आणि कोरं पान काढलं. तारीख टाकली. माझ्याकडे पाहत बसली.

मी खडू उचलला. ‘आर’ लिहिला. मागे वळून पाहिलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस मुलांनी ‘आर’ उतरवून घेतला होता.

ही मुलं ऐकतील. मी म्हटलं तर मार्चपर्यंत ऐकतील, एका शब्दाने तक्रार करणार नाहीत. घोळ तोच आहे.

‘आर’ पुसला. म्हटलं, घसा बरा नाही, पेपर काढा. वह्यांची पानं अशी उलटली की खिडकीतून वारा आला असावा.

शनिवार, १० जानेवारी २०२६

सकाळी समितीपुढे गेले. लेखी खुलासा दिला. वाढत सत्तावीस पानांचा झालेला तो नाही, दुसरा. एक ओळ: तक्रार बरोबर होती, ती मागे घेऊ नये. फ्लेक्स रद्द. किल्ली भूमिकाकडे द्यावी.

धम्मानंद डोकं खाजवत म्हणाला, "पोरीच्या हाती किल्ली? ठरावात जबाबदार मोठं मानूस लिवलं हाय, ताई."

मी शुद्ध बोलायचं ठरवून गेले होते. राहिलं नाही. म्हटलं, "सव्वीस वर्साची हाय ते. उद्या बँकेत बसून तुह्यासारख्याच्या चेकवरची सही तपासन. अन तुले या खोलीचं कुलूप जड होऊन राहिलं? चार महिने ते खोली कोन चालवून राहिलं, इचारलं कधी? म्या नाई चालवली."

ठराव झाला. माझ्या राजीनाम्याचं कारण काय लिहायचं, विचारलं. प्रकृती, म्हटलं.

हस्तांतर, सायंकाळी सहा, अभ्यासिकेच्या दारात:

किल्ली, एक. दुसरी धम्मानंदकडे आहे, त्याला ती सापडत नाही.
हजेरीपट, एक.
खडूचा डबा, अर्धा.
टेबल, एक. पाय खिळे मारून बसवलेला, हात टेकू नये.
सहा ते सात ही वेळ, पूर्ण.

देणार: प्रेमिला. घेणार: भूमिका. साक्षीदार: सोनिका.

‘सेट’चे उरलेले साठ अर्थही देऊ केले. घेतले नाहीत.